गिरणीचे दप्तर



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मांडवाच्या कडेला उभे राहून ऐकावे, हाच आजवरचा परिपाठ. आमचे शाळेतले शिक्षण सातवीत आटोपले. पुढचे जे काही झाले ते जळगावच्या व. वा. वाचनालयात आणि कारखान्यांच्या फाटकांवर झाले. खानदेशातील गिरण्यांवर बोला, असे चालकांनी सुचविले, तेव्हा आम्ही त्यांना आधीच सांगून टाकले की भागभांडवलाचे आकडे आणि मालकांची चरित्रे पुस्तकांत आहेत. ती ज्याने त्याने वाचावीत. आम्ही एक जतन केलेली गिरणी पाहून आलो आहोत आणि जतन न झालेल्या गिरण्यांच्या फाटकांवर अर्धे आयुष्य घालविले आहे. या दोहोंमध्ये जे अंतर पडले आहे त्याविषयी आज बोलावे म्हणतो.

आमची भाची मँचेस्टरच्या एका इस्पितळात परिचारिका आहे. तिने आग्रह करकरून आम्हांला बोलावून घेतले. 'मामा, राजवाडा दाखवू की किल्ला?' असे तिने विचारले. आम्ही म्हणालो, 'गिरणी दाखव.' ती हसली, पण घेऊन गेली.

मँचेस्टरच्या विमानतळापासून जवळच स्टायल नावाचे खेडे आहे. तेथे बोलिन नदीच्या काठी, झाडीने भरलेल्या दरीत, क्वारी बँक ही लाल विटांची सूतगिरणी उभी आहे. नदी म्हणाल तर आपल्या पांझरेपुढे ओढाच. पण वाफेचे यंत्र सर्वत्र होण्यापूर्वी गिरणी पाण्याच्या जोरावर चाले, म्हणून सॅम्युअल ग्रेग नावाच्या व्यापाऱ्याने १७८४ साली ही जागा निवडली. १९३९ साली त्याच्या वंशजाने ही मालमत्ता राष्ट्रीय न्यासाच्या स्वाधीन केली, १९५९ साली तेथील उत्पादन थांबले आणि पुढे तिचे संग्रहालय झाले. आज लोक तिकीट काढून येतात, मुलांना आणतात, लोखंडी पाणचक्की फिरताना पाहतात, चहा पितात आणि घरी जातात. ज्या गिरणीतून पळून जावे असे एके काळी मुलांना वाटे, ती पाहायला आज मुले हट्ट धरतात! काळाची गंमत आहे.

विणाईच्या दालनात माग चालवून दाखवतात. सुरू करण्याआधी मार्गदर्शक बाईंनी सर्वांना कानांवर हात ठेवायला सांगितले. आम्ही ठेवले नाहीत. आमचे वडील साळखात्यात होते. गिरणीने त्यांचे कान चाळिशीतच नेले. घरात ते ओरडून बोलत आणि आम्ही काय बोललो ते ओठांवरून ओळखीत. लहानपणी आम्हांला वाटे, वडील सदा रागावलेलेच असतात. त्या दालनात धोटा दोहों बाजूंना आदळू लागला तेव्हा इतक्या वर्षांनी आमच्या ध्यानात आले की तो राग नव्हता, तो मागाचा आवाज होता. दोन मिनिटांनी माग थांबला आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजविल्या. वडिलांनी आठ आठ तास असे माग सांभाळले. त्यांना कोणी टाळ्या वाजविल्याचे आम्हांला स्मरत नाही.

खरे सांगायचे तर तेथवर ती गिरणी पाहून आम्ही काहीसे खट्टूच झालो होतो. चात्या चकचकीत, फरशी पुसलेली, हवेत तूस नाही, अंगाला चिकटणारा उकाडा नाही, जॉबरची शिवी नाही. दातनखे काढलेला वाघ पिंजऱ्यात बसवावा तसे ते वाटले. पण गिरणीपासून थोड्या अंतरावर एक साधे पांढरे घर आहे आणि त्या घराने आमचे मत बदलले.

ते उमेदवार मुलांचे घर. १७९० साली बांधलेले. निराधार आणि गरीब मुले निरनिराळ्या गावच्या गरीबखान्यांतून करारावर आणायची, त्यांना येथे ठेवायचे आणि गिरणीत कामाला लावायचे, अशी पद्धत होती. मुलांना खायला, ल्यायला मिळे, डॉक्टर मिळे. ग्रेग इतर मालकांच्या मानाने बरा मानला जाई. तरी दिवस बारा तासांच्या कामाचा. १८०६ साली या घरातून जोसेफ सेफ्टन आणि थॉमस प्रीस्टली हे दोन मुलगे पळाले आणि पायी लंडनला गेले. थॉमस तेरा वर्षांचा. त्याचे एक बोट यंत्राने नेले होते. लंडनला जाण्याचे कारण काय, तर आईला भेटायचे होते. तेथे ते पकडले गेले, दंडाधिकाऱ्यापुढे उभे राहिले आणि त्यांचे जबाब कारकुनाने लिहून घेतले. किती वाजता उठतो, काय खातो, कामाला किती वेळ उभे राहतो, बोट कसे गेले, का पळालो. ते जबाब आजही उपलब्ध आहेत.

तेथे आम्ही बराच वेळ उभे राहिलो. भाचीला वाटले, मामा थकले. आम्ही थकलो नव्हतो. आम्हांला मत्सर वाटत होता. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका गरीब, बोटतुट्या पोराचे बोलणे आज आम्ही, खानदेशातला एक परका माणूस, वाचू शकतो. आणि आमच्याच जिल्ह्यातील हजारो गिरणी कामगारांपैकी, आमच्या वडिलांसकट, एकाचाही शब्द आम्हांला कोठे वाचता येत नाही. हे असे का झाले, हा प्रश्न आम्ही तेथून घरी आणला.

क्वारी बँकेची गोष्ट आपल्याला परकी नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. ग्रेगच्या कुटुंबाचा वेस्ट इंडीजमधील डोमिनिका बेटावर मळा होता आणि त्यावर गुलाम राबत. लँकेशायरच्या गिरण्यांत येणारा बराचसा कापूसही अमेरिकेतील गुलामांनी वेचलेला असे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेची बंदरे उत्तरेच्या आरमाराने अडविली आणि कापूस येणे थांबले. लँकेशायरचे कामगार उपाशी पडले. तरीही मँचेस्टरच्या कामगारांनी १८६२ च्या अखेरच्या दिवशी सभा भरवून गुलामगिरी नष्ट करण्याच्या कामात आपण अध्यक्ष लिंकन यांच्या पाठीशी आहोत, असे पत्र धाडले आणि लिंकन यांनी पुढल्याच महिन्यात त्याला उत्तर दिले. आम्ही संघटनेची माणसे. पोटाला चिमटा घेऊन दुसऱ्याच्या मुक्तीला हात वर करणारी ही सभा आम्हांला कोणत्याही लढाईपेक्षा मोठी वाटते.

त्या कापसाची जागा ज्यांनी भरून काढली त्यांत खानदेश होता. त्याच सुमारास जी. आय. पी. रेल्वे आपल्या मुलखात शिरत होती. कापसाचे भाव कधी न ऐकलेल्या उंचीला गेले. जळगावसारखे गाव पाहता पाहता कापसाची पेठ बनले. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळले, तेव्हा अनेकांची दिवाळीही निघाली. पण पेठ राहिली, रेल्वे राहिली, सरकी काढणारी आणि गठ्ठे दाबणारी यंत्रे राहिली. म्हणजे अमेरिकेत तोफा धडाडल्या, मँचेस्टरला चुली विझल्या आणि जळगावला दुकाने लागली. इतिहास हा असा एकाच धाग्याचा असतो; आपण तो तोडून तोडून शिकतो.

आता त्या यंत्रांपाशी उभ्या असलेल्या माणसांकडे वळू. १८८१ साली हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये आणि बारा वर्षांखालील मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नये, एवढ्यावर तो थांबला. स्त्रीपुरुषांच्या तासांना मर्यादाच नव्हती. १८८४–८५ साली मुंबईत फॅक्टरी कमिशन बसले. त्यापुढे खानदेशातील जिनिंग आणि प्रेसिंग कारखान्यांविषयी झालेली साक्ष वाचताना अंगावर काटा येतो. हंगामात पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत, म्हणजे अठरा तास काम. मजुरी तीन ते चार आणे. घाईच्या दिवसांत तीच माणसे, बायका आणि पुरुष, सलग आठ आठ दिवस रात्रंदिवस राबत. फाटक चारला उघडे, ते चुकू नये म्हणून घरी गेलेली माणसे तीन वाजताच येऊन थांबत. ती पार थकली की नवी घेत. अशा कामाने माणसे मरतात, हेही त्या साक्षीत नमूद आहे.

श्रोतेहो, ही माणसे कोण होती? आपल्याच पणज्या आणि खापरपणज्या. पण कमिशनपुढे त्यांच्याविषयी बोलले दुसरेच. थॉमस प्रीस्टलीचे बोट कसे गेले ते त्याने स्वतः सांगितले. जळगावच्या जिनात तीन वाजता उभ्या असलेल्या बाईचे नाव काय होते, तिचे तान्हे कोणाजवळ असे, हे तिला कोणी विचारले नाही. त्याच १८८४ साली मुंबईत 'दीनबंधू'कार नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. सह्या म्हणजे बहुतेक अंगठेच असणार. पण तो अंगठाही कागदावर उमटला, हीच त्यातली मोठी गोष्ट. कागदावर उमटल्याखेरीज माणूस सरकारला दिसत नाही. आणि पुढे इतिहासालाही दिसत नाही.

आपल्याकडे गिरण्या उभ्या राहिल्या त्या याच पायावर. १८७० नंतरच्या दशकात जळगावला खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल निघाली. तिच्याशी निगडित असलेले मूळजी जेठा हे नाव आज आपण महाविद्यालयाचे नाव म्हणून घेतो. विसाव्या शतकाच्या आरंभी अमळनेरला श्रीमंत प्रतापशेठ यांनी प्रताप मिल काढली. धुळ्याला न्यू प्रताप मिल झाली. चाळीसगावला लक्ष्मीनारायण मिल झाली. भोंग्यावर गावाचे घड्याळ चालू लागले. आम्ही कामगारांच्या बाजूचे असलो तरी प्रतापशेठ यांना त्यांचे श्रेय दिलेच पाहिजे. गिरणीच्या पैशातून त्यांनी शाळा काढली आणि १९१६ साली अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. तालुक्याच्या गावी वेदान्ताच्या अभ्यासाला असे घर मिळणे ही साधी गोष्ट नव्हे. त्यांच्याच प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते. पुढे हेच गुरुजी गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहिले. आणि १९४६ साली त्याच अमळनेरात कामगारांवर पोलिसांचा गोळीबार होऊन माणसे पडली. तत्त्वज्ञान मंदिर आणि गोळीबार, दोन्ही एकाच गावच्या इतिहासात आहेत. दोन्ही सांगणारा इतिहास खरा. एकच सांगणारा तो फलक.

शेवटाचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिला आहे. यंत्रे जुनी झाली, त्यांत पैसा कोणी घातला नाही, यंत्रमागाचे कापड स्वस्त पडू लागले. १९७४ साली केंद्र सरकारने देशातील १०३ आजारी गिरण्या ताब्यात घेतल्या. धुळे आणि चाळीसगावच्या गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आल्या. त्याने मरण लांबले, टळले नाही. एकामागून एक भोंगे थांबले. जळगावच्या स्टेशनाजवळ खानदेश मिलच्या जागेवर आज 'खानदेश सेंट्रल' उभे आहे. मुंबईत फिनिक्स मिलचे तेच झाले. तेथे निदान चिमणी ठेवली आहे. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याचे काम मुंबई महापालिकेने हाती घेतले. ते उत्तम व्हावे, अशी आमची इच्छा आहे.

धुळ्याच्या एका जुन्या कामगारापुढे आम्ही हा विषय काढला. क्वारी बँकेची छायाचित्रे दाखविली आणि म्हणालो, 'आबा, आपल्याकडेही असे काही करायला हवे.' आबा अहिराणीत म्हणाले, 'आते काय ऱ्हायनं तठे, भाऊ?' आणि वर विचारले की तिकीट काढून पाहायला येतील त्यांच्या पैशांतून आमची थकलेली देणी मिळतील काय? या प्रश्नाला हसून उत्तर देता येत नाही. जो जिवंतपणी हिशोब मागतो आहे त्याला स्मारक दाखविणे ही थट्टाच होय. म्हणून आम्ही म्हणतो की आधी दप्तर, मग चिमणी. कारण दप्तर हे स्मारकही आहे आणि हिशोबही आहे. हे आम्हांला कसे कळले ते सांगितल्यावाचून या व्यासपीठावरून उतरणे बरे नव्हे.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या संघटनेची कचेरी दुसऱ्या जागी हलवायची होती. दोन कपाटे भरून जुने कागद होते. वर्गणीच्या वह्या, सभांची इतिवृत्ते, नोटिसा, हजेरीच्या नकला. वाळवी लागू लागली होती. नव्या जागेत खुर्च्या नव्हत्या. आम्ही ते सगळे रद्दीवाल्याला वजनावर दिले आणि त्या पैशांत सहा खुर्च्या आणल्या. आम्हांला कोणी सांगितले नव्हते; निर्णय आमचा होता आणि त्या दिवशी तो आम्हांला शहाणपणाचा वाटला होता.

दोन वर्षांनी एक बाई आल्या. त्यांचे यजमान खानदेशातल्या एका गिरणीत बरीच वर्षे बदली कामगार होते. बदलीवाला म्हणजे रोज फाटकावर उभा राहणारा, कोणी गैरहजर असेल तर आत जाणारा. गिरणीचे नाव आम्ही घेत नाही. बंद पडलेल्या त्या गिरणीची देणी वाटली जात होती आणि बाईंकडे किती वर्षे काम केले त्याचा पुरावा मागितला होता. गिरणीचे मस्टर मिळत नव्हते. बाईंनी कोणाकडून तरी ऐकले होते की यजमान दरमहा संघटनेची वर्गणी भरीत. भरीतच होते. आम्हांला ती वही आठवत होती; तिची लाल कापडी पाठसुद्धा आठवत होती. तिच्यात महिन्यावार त्यांचे नाव होते. ती वही एव्हाना कोठल्या तरी दुकानात पुड्या बांधून संपली होती. बाई त्या सहांपैकी एका खुर्चीवर बसल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. 'भाऊ, तुमच्याकडे तरी असंल असं वाटलं व्हतं,' एवढे म्हणून उठल्या. त्यांना जे मिळायला हवे होते त्यातले फार थोडे मिळाले.

मालकाने दप्तर नाहीसे केले तर आम्ही फाटकावर घोषणा देतो. आम्ही स्वतः नाहीसे केले तेव्हा कोणाच्या फाटकावर जावे? क्वारी बँकेत त्या दोन मुलांपाशी आम्ही उभे राहिलो ते याचसाठी.

वास्तविक खानदेशाला लिहून ठेवण्याची कला नवी नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यांवरचे, कोनाड्यांतले कागद गोळा करीत. तेही कागद पुड्या बांधायलाच निघालेले असत. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचा देह पडला आणि लगोलग धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे केले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. साने गुरुजी ते उतरून घेत, म्हणून आज 'गीता प्रवचने' घरोघर आहेत. आणि जळगावच्या बहिणाबाई चौधरी यांना तर अक्षरओळखही नव्हती. शेतात काम करता करता त्या गाणी रचीत. मुलगा सोपानदेव आणि एक नातलग यांनी ती वहीत टिपून घेतली. १९५१ साली बाई गेल्या आणि १९५२ साली पुस्तक निघाले. ती वही नसती तर बहिणाबाई चौधरी ही जळगावच्या हजारो शेतकरणींपैकी एक होऊन गेली असती. जपानातही हेच दिसते. १८७२ साली निघालेला तोमिओकाचा रेशीम कारखाना २०१४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. पण त्या कारखान्यात मुलीबाळी कशा राहत ते आपल्याला कळते ते वादा एई या तेथल्याच कामगार बाईने पुढे लिहिलेल्या आठवणींवरून.

तेव्हा उणीव बोलणाऱ्यांची नाही, लिहून घेणाऱ्यांची आहे. जुनी इमारत वाचवायला सरकार लागते, कोर्ट लागते, कोट्यवधी रुपये लागतात. वही वाचवायला एक कपाट आणि एक जागरूक माणूस पुरतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ट्रंकेच्या तळाशी गिरणीचा पितळी बिल्ला असेल, पगाराची चिठ्ठी असेल, बदलीचा पास असेल, संपाचे एखादे पत्रक असेल. ते रद्दीत घालू नका. वडील, आजोबा हयात असतील तर त्यांना विचारा की पहिला पगार किती होता, कामाला कोणी लावले, तुटलेला धागा जोडायला कोणी शिकविले. ते म्हणतील, त्यात सांगण्यासारखे काय आहे? थॉमस प्रीस्टलीलाही तसेच वाटले असणार.

गेल्या वर्षापासून आम्ही एक वही घातली आहे आणि दर रविवारी जुन्या कामगारांकडे जाऊन बसतो. आम्ही विनोबा नव्हे आणि साने गुरुजी तर नव्हेच. पण रविवार आमच्याकडेही आहे. तो रविवारही फुकट मिळालेला नाही. १८९० साली लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी मालकांकडून आठवड्याची ही सुटी मिळविली, तेव्हा कामगारांच्या घरी रविवार आला. आतापर्यंत एकतीस माणसांचे सांगणे लिहून झाले आहे. आबांचेही झाले. पहिल्या बैठकीला ते म्हणाले होते, तेथे काय राहिले? दुसऱ्या बैठकीला त्यांनी चाळीस पाने सांगितली. ती बाई मात्र आता या जगात नाहीत. वहीच्या पहिल्या पानावर आम्ही त्यांच्या यजमानांचे नाव लिहिले आहे, त्यापुढे खाते आणि पाळी लिहिली आहे. वर्षांचा रकाना कोरा आहे. कोणाकडे काही कागद असेल तर तो भरता येईल.